जपान: देवळं-किल्ले बघून झाल्यावर संध्याकाळी कुठे जावं?

दीपमाळ

जपानची सहल आखताना फुजी, क्योटोची देवळं, हिरोशिमा आणि शिनकानसेन ही वेगवान रेल्वे एवढं सगळ्यांच्या यादीत असतंच. पण देवळांचे दरवाजे चार-पाचला बंद होतात आणि पुढची संध्याकाळ दुकानांत जाते. त्या वेळात तिथली साधी माणसं जिथे जातात, त्या जागांची नेमकी माहिती इथे एकत्र करूया. सेन्तो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह, सुमोचा आखाडा, काबुकी या पारंपरिक नाटकाचा एकच अंक. या जागा महाग नाहीत आणि परक्या माणसाला मज्जावही नाही. घोडं अडतं ते कशानंतर काय करायचं हे माहीत नसल्यामुळे. तेव्हा क्रम, वेळा, पैसे आणि कुठे काय चुकतं हे लिहा. नुसतं 'फार छान अनुभव' नको.

सुरुवात सेन्तोपासून करते. टोकियोत मोठ्या माणसाचा दर ऑगस्ट २०२४पासून ५५० येन आहे. हा दर दुकानदार ठरवत नाही, प्रशासन ठरवतं, त्यामुळे शहरभर सारखाच असतो. सौना असेल तर त्याचे पैसे वेगळे. बहुतेक सेन्तो दुपारी तीन-चारला उघडतात आणि रात्री अकरा-बारापर्यंत चालू असतात.

दारात बूट काढून छोट्या कप्प्यात ठेवायचे. कप्प्याची किल्ली म्हणजे बहुधा लाकडाची चपटी पट्टी असते. ती उपसून जवळ ठेवायची. मग गल्ल्यावर पैसे. पुढे दोन पडदे असतात, 男 म्हणजे पुरुष आणि 女 म्हणजे स्त्रिया. पडद्याच्या रंगावर विसंबू नका, अक्षर ओळखा. कपडे बदलायच्या खोलीत सगळे कपडे काढायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. या खोलीत फोन बाहेर काढायचाच नाही, वेळ बघायलासुद्धा नाही.

आत जाताना फक्त छोटा पंचा आणि साबण-शाम्पू. पंचा विसरला तर गल्ल्यावर भाड्याने किंवा विकत मिळतो. नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग साबणाने नीट धुवायचं, फेस पूर्ण घालवायचा, स्टूल आणि बादली विसळून जागेवर ठेवायची. त्यानंतरच हौदात उतरायचं. हौद मळ काढायला नाही, शेकायला आहे. उभ्याने शॉवर घेऊ नका, शेजारच्याच्या अंगावर शिंतोडे उडतात. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. लांब केस वर बांधायचे. परतताना कपड्यांच्या खोलीत शिरण्याआधीच पंचा पिळून अंग पुसायचं. नवखा माणूस नेमका इथे चुकतो आणि तिथली लाकडी जमीन ओली करतो.

खारवारा

उत्तम. पाण्याच्या तापमानाबद्दल भर घालतो, कारण त्रास तिथे होतो. टोकियोच्या जुन्या सेन्तोंत मुख्य हौद ४२ ते ४४ अंशांचा असतो. ऐकायला फार वाटत नाही, पण सवय नसलेल्याला ४४ अंशांत दोन मिनिटंही जड जातात. आधी बादलीने पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यावर पाणी घ्यायचं आणि हळू उतरायचं. पहिल्या खेपेला तीन ते पाच मिनिटं, मग बाहेर येऊन बसायचं, मग पुन्हा. उठताना एकदम उभं राहू नका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, रक्तदाब झपकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दारू पिऊन किंवा भरपेट जेवून जाऊ नये, आणि आधी-नंतर पाणी प्यावं.

काही हौदांत विजेचा सौम्य प्रवाह सोडलेला असतो. त्याला देन्कीबुरो म्हणतात, भिंतीवर 電気風呂 अशी पाटी असते. दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये बसलं की स्नायू आपोआप आकसतात. पेसमेकर असलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी यात अजिबात उतरू नये. पाटी वाचता येत नसेल, तर भिंतीतल्या दोन समोरासमोरच्या धातूच्या पट्ट्या बघून ओळखा.

लहान मुलं सोबत असतील तर: टोकियोत २०२२पासून सात वर्षं आणि त्यावरच्या मुलांना विरुद्ध लिंगाच्या बाजूला नेता येत नाही. आधी ही मर्यादा दहा वर्षांची होती, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांत दहा असं सापडेल.

पाणकणीस

सेन्तोत नुसतं शेकून परत येऊ नका, भिंतीकडेही बघा. टोकियोच्या बाजूला हौदामागच्या भिंतीवर फुजी पर्वताचं प्रचंड चित्र असतं. ही पद्धत १९१२मध्ये टोकियोच्या कान्दा भागातल्या किकाई-यू नावाच्या स्नानगृहातून सुरू झाली. आता ही भित्तिचित्रं काढणारे व्यावसायिक चित्रकार मोजकेच उरले आहेत. वाफेने रंग सुटतो, म्हणून काही वर्षांनी चित्र पुन्हा रंगवावं लागतं आणि ते बहुधा सुट्टीच्या एका दिवसात उरकतात, कारण दुसऱ्या दिवशी स्नानगृह उघडायचं असतं.

पिवळ्या प्लास्टिकच्या बादल्या दिसतील, तळाशी लाल अक्षरांत केरोरिन लिहिलेल्या. ती वेदनाशामक औषधाची जाहिरात आहे, १९६३पासून चालू. ओसाका-क्योटोकडच्या बादल्या टोकियोपेक्षा लहान आणि हलक्या असतात. तिकडे हौद खोलीच्या मधोमध असतो आणि लोक हौदातलंच पाणी बादलीने अंगावर घेतात, मग मोठी बादली भरून जड होते. टोकियोत हौद मागच्या भिंतीला लागून आणि पाणी नळाचं. एकाच देशात अंघोळीच्या सवयीवरून बादलीचा आकार ठरावा, हे मला फार लोभस वाटतं.

१९६०च्या दशकाच्या शेवटी टोकियोत अडीच हजारांवर सेन्तो होते. घरोघरी न्हाणीघरं आली आणि आता पाचशेही उरले नाहीत. बघायचे असतील तर या काही वर्षांतच बघा.

रानवाट

सेन्तो आणि ओन्सेन, म्हणजे जमिनीतल्या झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह, यांत फरक काय? दोन्ही गरम पाणीच ना? आणि अंगावर गोंदण असेल तर?

खारवारा

ओन्सेनसाठी कायदा आहे, १९४८चा. जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी २५ अंश किंवा जास्त असलं पाहिजे, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असला पाहिजे. म्हणजे २५ अंशांचं कोमट पाणीही कायद्याने ओन्सेन ठरतं आणि ते तापवून दिलेलं असू शकतं. सेन्तोत साधं पाणी तापवतात, पण काही सेन्तोंच्या खाली खरा झरा असतो आणि दर तोच राहतो. टोकियोच्या ओता भागात असं काळसर, चहाच्या रंगाचं पाणी सापडतं.

पाण्याची प्रत ओळखायची तर 源泉かけ流し ही अक्षरं शोधा. याचा अर्थ उगमाचं पाणी सतत येतं आणि काठावरून वाहून जातं, तेच गाळून पुन्हा फिरवलेलं नाही. कपड्यांच्या खोलीत पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता लावणं बंधनकारक आहे. त्यात तापमान आणि पीएच एवढं तरी बघून घ्या.

गोंदणाचं: गल्लीतले सेन्तो बहुधा हरकत घेत नाहीत. मोठी आधुनिक स्नानसंकुलं आणि हॉटेलं मात्र घेतात. गोंदण लहान असेल तर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी काही ठिकाणी चालते. किनोसाकी या ओन्सेनच्या गावात सातही सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालतं, म्हणून गोंदण असलेल्यांनी आधी ते गाव निवडावं.

आजोळ

किनोसाकीचं नाव निघालंच आहे तर थोडं सविस्तर. ह्योगो जिल्ह्यातलं गाव, क्योटोहून थेट गाडीने साधारण अडीच तास. गावातल्या यात्रीनिवासात राहिलात तर सातही स्नानगृहांचा पास खोलीबरोबरच मिळतो. लोक निवासातून मिळालेला युकाता हा सुती किमोनो आणि लाकडी खडावा घालून रात्री एकाकडून दुसरीकडे फिरतात. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, तेव्हा एका दिवसात सातही होतीलच असं नाही. आणि युकाता नेसताना डावी बाजू नेहमी वर. उजवी वर घेतली की तो मृतदेहाला नेसवण्याचा प्रकार होतो, आणि वाटेत कुणीतरी आजी थांबवून दुरुस्त करतील.

कुसात्सु हे ओन्सेनचं गाव म्हणजे दुसरं टोक. तिथलं पाणी उगमापाशी पन्नास अंशांच्या वर आणि पीएच दोनच्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल. थंड पाणी मिसळलं तर औषधी घटक पातळ होतात, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी घुसळून पाणी निववतात. हे घुसळणं, त्याला युमोमी म्हणतात, गावाच्या मध्यभागी नेत्सुनोयू नावाच्या इमारतीत गाण्यासह बघायला मिळतं. या पाण्यात जाताना चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात. तोंड धुवू नका, डोळे झोंबतात. नुकती दाढी केली असेल किंवा कुठे खरचटलं असेल तर चांगलंच चुणचुणेल.

रानवाट

बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवायचं की नाही? दोन्ही वाचलं आहे.

आजोळ

सौम्य, मिठाच्या किंवा बायकार्बोनेटच्या पाण्यातून आलात तर धुवू नका, नुसतं टिपा. मिठाचा पातळ थर अंगावर राहतो आणि ऊब टिकते. कुसात्सुसारखं आम्ल किंवा तीव्र गंधकाचं पाणी असेल आणि कातडी नाजूक असेल तर धुवा, नाहीतर रात्री खाज सुटते.

चौकटराजा

मी सुमोचं लिहितो. वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येक १५ दिवसांची, रविवार ते रविवार. जानेवारी, मे आणि सप्टेंबर टोकियोच्या ऱ्योगोकु कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात, मार्च ओसाका, जुलै नागोया, नोव्हेंबर फुकुओका. सम महिन्यांत स्पर्धा नसते हे तिकिटं काढण्याआधी लक्षात घ्या. तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि शनिवार-रविवारची लगेच संपतात. मधल्या वारांची मिळायची शक्यता जास्त.

जागा तीन तऱ्हेच्या. आखाड्याला लागून जमिनीवरच्या उशा: तिथे खाणं-पिणं नाही, छायाचित्रं नाहीत आणि कधी दीडशे किलोचा मल्ल अंगावर येऊन पडेल याचा नेम नाही. त्यामागे मासुसेकी, म्हणजे चार उशांची चौकट. बूट काढून मांडी घालून बसायचं. चौकट जेमतेम सव्वा मीटर चौरस, त्यात चार मोठी माणसं म्हणजे पाय लांब करायला जागा नाही. चौकट दोघांतच घेता आली तर घ्या. गुडघे दुखत असतील तर सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्या. त्या स्वस्त आहेत, आणि वरून दोन मल्लांचे पाय स्पष्ट दिसतात. माझ्या मते कुस्ती पायांत कळते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने वरच बसावं.

सकाळी साडेआठच्या सुमारास खालच्या श्रेणीच्या कुस्त्या सुरू होतात, तेव्हा सभागृह रिकामं असतं. दुपारी सव्वादोनच्या आसपास दुसरी श्रेणी जूऱ्यो, पावणेचारच्या आसपास वरच्या श्रेणीचा, माकुऊचीचा आखाड्यातला प्रवेश, आणि सहाला शेवट. फक्त चारला पोचणाऱ्याला सगळ्या कुस्त्या सारख्याच भासतात. एकला पोचलात तर श्रेणी चढत जाताना वेग आणि वजन कसं बदलतं ते दिसतं. दोनच्या सुमारास मोठे मल्ल आत येताना बाहेरच्या वाटेवर जवळून बघायला मिळतात.

आखाड्याचा घेर म्हणजे ४.५५ मीटर व्यासाचं वर्तुळ. पायाच्या तळव्याखेरीज अंगाचा कुठलाही भाग टेकला किंवा पाऊल वर्तुळाबाहेर पडलं की हार. माकुऊचीत सुरुवातीच्या मीठ उधळण्याला आणि डोळ्याला डोळा भिडवण्याला चार मिनिटांची मर्यादा, जूऱ्योत तीन. नवख्याला हा वेळ फुकट वाटतो. पण याच वेळात खांदे, श्वास, मुठी टेकवण्यातली घाई यांवरून अंदाज बांधायचा असतो. वेळ संपली की पंचाची मुद्रा बदलते आणि सभागृहाचा आवाज एकदम चढतो. कुस्ती मग पाच-दहा सेकंदांत निकालात.

पाणकणीस

चौकटराजा, गुणांचं गणितही लिहा. त्याशिवाय शेवटच्या दिवसांतली रंगत कळत नाही.

चौकटराजा

बरोबर. वरच्या दोन श्रेणींतले मल्ल रोज एक अशा १५ कुस्त्या खेळतात, खालचे फक्त सात. १५पैकी आठ जिंकल्या की क्रमवारीत सहसा वर, सात किंवा कमी म्हणजे खाली. त्यामुळे चौदाव्या दिवसानंतर विजेतेपदाइतकंच लक्ष ७-७वर, म्हणजे सात जिंकून सात हरलेल्या मल्लांवर ठेवा. त्यांचं सगळं त्या एका कुस्तीवर असतं. ओझेकी म्हणजे दुसऱ्या पायरीचा मल्ल लागोपाठ दोन स्पर्धांत आठपर्यंत पोचला नाही तर पद जातं. सर्वांत वरचा योकोझुना कधीच खाली उतरत नाही. खेळ घसरला तर त्याने निवृत्त व्हावं अशीच अपेक्षा असते.

कुस्तीआधी रंगीत फलक घेऊन काही जण आखाड्याभोवती फिरतात. ते पुरस्कर्त्यांचे इनाम आहेत, जिंकणाऱ्याला पंच पंख्यावर ठेवून पाकिटं देतो. जितके फलक, तितकी ती कुस्ती मोठी. निकालावर शंका आली तर भोवतीचे पाच परीक्षक वर चढून मसलत करतात आणि कधी पुन्हा कुस्ती लावतात. शेवटच्या कुस्तीनंतर धनुष्य फिरवण्याचा विधी होतो. गर्दी टाळायला लोक आधीच उठतात, तुम्ही उठू नका.

खायला कोकुगिकानचीच याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेली कोंबडी, प्रसिद्ध आहे, तळघरात तयार होते. कोंबडी दोन पायांवर उभी असते, हात टेकत नाही, म्हणून ती मल्लाला शुभ.

स्पर्धा नसेल तर तालमीतला सकाळचा सराव बघता येतो, पण आधी परवानगी घेऊनच. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, पाय आखाड्याकडे करून बसायचं नाही. एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये मल्ल गावोगावच्या दौऱ्यावर असतात, तेव्हा तालमी रिकाम्या सापडतील.

तिसरीघंटा

काबुकीवर लिहिते. पूर्ण प्रयोग मध्यंतरांसह चार-साडेचार तासांचा, आणि भाषा जुनी. पहिल्यांदाच एवढं बसवत नाही. त्यावर तोड म्हणजे टोकियोतल्या काबुकिझा नाट्यगृहाची एकाच अंकाची तिकिटं, हितोमाकुमी. जागा चौथ्या मजल्यावर. बरीचशी आदल्या दिवशी दुपारी बारापासून ऑनलाइन मिळतात, थोड्या त्याच दिवशी. दर अंकाच्या लांबीप्रमाणे बदलतो. दार वेगळं, मुख्य दाराच्या डावीकडे, आणि तिथून खालच्या मजल्यांवरच्या दुकानांत जाता येत नाही. हिगाशी-गिन्झा स्थानकातून भुयारी वाटेने थेट पोचता येतं. सध्याची इमारत २०१३ची.

अंक निवडताना मासिक पत्रकात नृत्याचा आहे की संवादांचा हे बघा. जपानी येत नसेल तर नृत्याचा किंवा युद्धप्रसंगाचा घ्या. दोन माणसं बसून हिशेब चुकता करतात असा संवादी अंक भाषेविना कोरडा जातो, तो कितीही थोर असला तरी. दुर्बीण न्या, कारण वरून चेहरे लहान दिसतात आणि रंगभूषा हाच अर्ध्याहून जास्त मजकूर आहे. लाल पट्टे म्हणजे शूर आणि सरळ माणूस, निळे म्हणजे दुष्ट, तपकिरी म्हणजे राक्षस किंवा भूत.

प्रेक्षकांतून मंचाकडे जाणारी वाट, हानामिची, वरून पूर्ण दिसत नाही. मंचाजवळचा भाग दिसतो आणि सुदैवाने महत्त्वाचे नट तिथेच थबकतात. उजव्या कडेला काळ्या कपड्यांतला माणूस फळीवर लाकडी ठोकळे आपटत असतो. त्याचा ठेका दाट झाला की नट आता थिजणार, डोळे फिरवून मुद्रा धरणार असं समजा. त्या क्षणी वरच्या मजल्यावरून कुणीतरी नटाच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडतं. हे जाणकार प्रेक्षक असतात आणि त्यांची वेळ अचूक असते. हौसेने आपण ओरडू नये, अर्ध्या सेकंदाने चुकलं तरी क्षण फुटतो. टाळ्या मात्र मनसोक्त.

रानवाट

टोकियोत जमलं नाही तर दुसरीकडे कुठे?

तिसरीघंटा

क्योटोच्या मिनामिझा नाट्यगृहात डिसेंबरचा प्रयोग सर्वांत मानाचा, तिकिटंही तशीच अवघड. पण नाटकात जीव असणाऱ्याने शिकोकु बेटावर कोतोहिराला जावं, असं मी आग्रहाने सांगेन. तिथलं कानामारुझा १८३५चं, जपानमधलं सर्वांत जुनं उभं असलेलं काबुकी नाट्यगृह. १९८५पासून वसंतात तिथे मोठ्या नटांचे प्रयोग होतात. इतर वेळी इमारत आतून बघता येते आणि माझ्या मते ते प्रयोगाइतकंच मोलाचं आहे. फिरता रंगमंच माणसं खालून खांद्याने ढकलतात, त्या तळघरात उतरता येतं. डोकं सांभाळा, तुळया खाली आहेत. नट जमिनीतून वर येतो तो उचलसापळा, वरून पाकळ्या सोडायची बांबूची जाळी, उजेड कमी-जास्त करायच्या खिडक्यांच्या फळ्या, सगळं विजेविना. मोठ्या नाट्यगृहात यंत्रांमागे जे झाकलेलं असतं ते इथे हाताने तपासून बघता येतं.

दीपमाळ

गोशुइन राहिलं, ते थोडक्यात. देवळात किंवा शिंतो मंदिरात लाल शिक्का आणि त्यावर शाईने देवाचं व देवळाचं नाव, तारखेसह लिहून देतात. साधारण ३०० ते ५०० येन, बरेच ठिकाणी ५००. वेळ नऊ ते चार-साडेचार. त्यासाठी घडीची खास वही लागते. शाळेच्या वहीवर किंवा डायरीवर देणार नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवा, आधी दर्शन घ्या, मग वही कोरं पान उघडून द्या, प्लास्टिकचं आवरण आधीच काढून. लिहिताना चित्रण करायचं नाही. शाई ओली असते, मध्ये टिपकागद घालून मगच मिटा. वहीला दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं तर शाई पलीकडे फुटण्याचा धोका असतो, पातळ कागदाच्या वहीत एकच बाजू वापरा.

रेल्वे स्थानकांवरचे फुकट रबरी शिक्के हा वेगळा, लहान मुलांनाही जमणारा छंद. १९३१मध्ये फुकुई स्थानकातून सुरू झालेला. ते गोशुइनच्या वहीत मारू नका. नंतर एखादं देऊळ त्या वहीत लिहायला नकार देऊ शकतं.

रानवाट

कोतोहिराला पोचायचं कसं? आणि एका दिवसात होईल?

तिसरीघंटा

ओकायामाहून सेतो समुद्रावरचा पूल ओलांडून थेट गाडी, साधारण एक तास. ताकामात्सुहून कोतोदेनची छोटी गाडी, तीही तासभराची. नाट्यगृह कोंपिरा मंदिराच्या पायऱ्यांच्या सुरुवातीजवळ आहे. मुख्य मंदिर ७८५ पायऱ्यांवर, आतलं १३६८वर. सकाळी लवकर पायऱ्या चढा, दुपारी नाट्यगृह बघा. उलट केलंत तर उन्हात चढावं लागेल. एक दिवस पुरतो. आदल्या रात्री ताकामात्सुला मुक्काम ठेवा. जाण्याआधी तारीख तपासा, कारण वसंतातल्या प्रयोगांच्या आणि तयारीच्या काळात नाट्यगृह आतून बघायला बंद असतं.